व्हर्च्युअल बॅकग्राउंड: कॉलवर मागचं घर खरंच लपतं का?

लॉकडाऊन लागायच्या तीन-चार दिवस आधी मी पुण्याहून वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. बॅगेत तीन शर्ट, कंपनीचा लॅपटॉप आणि चार्जर. आठ दिवसांत परत जाऊ असं वाटलं होतं. ते आठ दिवस दीड वर्ष चालले.

हळदीचा सीझन होता. हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे हळद शिजवून, वाळवून, पोत्यांत भरून तयार असते. त्या वर्षी मोंढा बंद, त्यामुळे पोती घरातच थप्पीला लागलेली. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर पत्रे. मोबाईलची रेंज फक्त ओसरीत, दाराकडे तोंड करून बसलं तरच. म्हणजे कॅमेऱ्यात माझ्या मागे काय दिसणार, हे रेंजनेच ठरवून टाकलेलं. पोती, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात फवारणीचा पंप.

परदेशातल्या क्लायंटबरोबर पहिला व्हिडिओ कॉल होता. मी नेटवरून पुस्तकांच्या कपाटाचा एक झकास फोटो उतरवला आणि व्हर्च्युअल बॅकग्राउंड म्हणून लावला. वीस मिनिटं सगळं छान चाललं. मग आतून माय चहा घेऊन आली. स्क्रीनवर जे दिसलं ते असं: पुस्तकांच्या कपाटातून एक हात बाहेर आला, हातात स्टीलचा कप. बस. माय माझ्या मागेच उभी होती, पण कपाट जसंच्या तसं. पलीकडचे लोक हसले, कुणीतरी जादूचा प्रयोग म्हणालं. मायनं स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "आरं, मी कुठं हाय यात?"

मी घाईत म्हणालो, "तू मागं हाईस म्हणून दिसत नाहीस."

हे उत्तर अर्धवट होतं. नीट उत्तर द्यायचं तर ही गोष्ट आतून कशी चालते ते बघावं लागतं. आणि ते एकदा कळलं की बॅकग्राउंड कधी लावायचं, कधी नाही, याचा निर्णयही सोपा होतो. चला, बघूया.

पडदा नाही, कात्री

आपल्याकडे मागचं दृश्य बदलण्याची हौस जुनी आहे. संगीत नाटकांत राजवाड्याचे, बागेचे रंगवलेले पडदे असायचे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमात यायच्या आधी असे पडदेच रंगवत होते. जत्रेतल्या फोटो स्टुडिओतही मागे ताजमहाल नाहीतर काश्मीर असायचं, पुढे आपण इस्त्रीच्या कपड्यात. तिथं पडदा खरोखर माणसाच्या मागे टांगलेला असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला काही ओळखावं लागत नाही.

व्हर्च्युअल बॅकग्राउंडमध्ये मागे काहीच टांगलेलं नसतं. कॅमेऱ्याला सगळं दिसतं: तुम्ही, पोती, पंप. मग सॉफ्टवेअर त्या चित्रातून तुमची आकृती कापून काढतं आणि दुसऱ्या फोटोवर चिकटवतं. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण ३० चित्रं. म्हणजे ही कात्री सेकंदाला ३० वेळा चालवायची आणि प्रत्येक वेळी जेमतेम ३३ मिलिसेकंदात काम उरकायचं.

हे कापायचं काम मशीन लर्निंगचं एक छोटं मॉडेल करतं. त्याला आधी लाखो चित्रं दाखवून शिकवलेलं असतं की माणूस कुठला आणि बाकीचं कुठलं. कॉल चालू असताना ते चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते १ मधला एक आकडा देतं. १ म्हणजे "हा माणूसच", ० म्हणजे "हे नक्की मागचं", आणि ०.५ म्हणजे "कळेना". या आकड्यांचा जो नकाशा तयार होतो त्याला मास्क म्हणतात. मास्क जिथं १ च्या जवळ, तिथं तुमचा व्हिडिओ राहतो. जिथं ० च्या जवळ, तिथं कपाटाचा फोटो येतो. म्हणजे हा सगळा अंदाजाचा खेळ आहे.

अंदाज चुकतो त्याचं एक कारण अगदी साधं आहे. फोनला किंवा साध्या लॅपटॉपला पूर्ण मोठं चित्र इतक्या वेगात तपासायला जमत नाही, म्हणून चित्र आधी लहान केलं जातं. गुगल मीटने ऑक्टोबर २०२० मध्ये आपली पद्धत जाहीरपणे समजावून सांगितली होती. त्यातलं मॉडेल फक्त ४०० केबीचं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फोटोएवढं. आणि ते बघत होतं २५६ बाय १४४ ठिपक्यांचं चित्र. तुमचा व्हिडिओ १२८० बाय ७२० चा असेल तर त्यात ९,२१,६०० ठिपके असतात. २५६ बाय १४४ मध्ये ३६,८६४. म्हणजे मूळचे २५ ठिपके मिळून मॉडेलसाठी एकच ठिपका. त्या एका ठिपक्यात तुमच्या केसांची बट, मागची भिंत आणि हेडफोनची वायर असं सगळंच असू शकतं. नंतर कडा मऊ करण्यासाठी आणखी एक फेरी होते, पण जे मुळात दिसलंच नाही ते परत येत नाही. कॉलवर केस कुरतडल्यासारखे दिसतात, बोटं गायब होतात, कान एका क्षणी असतो आणि दुसऱ्या क्षणी नसतो, ते यामुळेच. मॉडेलं दरवर्षी सुधारतायत, नवे फोन जास्त मोठं चित्र तपासू शकतात, पण अडचणीचं मूळ तेच आहे.

आता मायचं. मी दाराकडे तोंड करून बसलेलो, उजेड माझ्या तोंडावर. ती माझ्या मागे, ओसरीच्या अंधाऱ्या भागात. शिवाय चेहरा चित्राच्या चौकटीत अर्धाच येत होता. मॉडेलला तो भाग पोत्यांसारखाच वाटला आणि त्यानं ० दिला. हात मात्र माझ्या खांद्यावरून पुढे उजेडात आला, माझ्या शरीराला लागून, म्हणून त्याला १ मिळाला. त्याच कॉलमध्ये थोड्या वेळानं एका पोत्याचा कोपरा माझ्या खांद्याला चिकटून दिसायला लागला होता. पोत्याला माणसात घेतलं आणि मायला बाहेर ठेवलं. सॉफ्टवेअरच्या मनात काही नव्हतं, त्याला फक्त उजेड आणि कडा कळतात.

एक चांगली गोष्ट इथंच सांगतो. मोठ्या अ‍ॅप्समध्ये हे सगळं बहुतेक वेळा तुमच्याच फोनवर किंवा लॅपटॉपवर होतं. आधी कापाकापी, मग बनवलेला व्हिडिओ नेटवरून पुढे. त्यामुळे बॅकग्राउंड नीट चालत असेल तर मूळ घराचा व्हिडिओ पलीकडे जात नाही. "नीट चालत असेल तर" हे शब्द महत्त्वाचे, त्यावर पुढे येतोच.

हिरवा कपडा आणि हिरवा चुडा

टीव्हीवर हवामान सांगणाऱ्याच्या मागे नकाशा दिसतो, त्याची युक्ती वेगळी आहे. तिथं मागे खरोखर एकरंगी हिरवा कपडा असतो आणि कॉम्प्युटरला एकच हुकूम: हिरवं दिसेल तिथं नकाशा टाक. ओळखायची भानगडच नाही, म्हणून कडा स्वच्छ येतात. हिरवाच का? माणसाच्या त्वचेत तो रंग ठळक नसतो. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्याची माहिती सगळ्यात चांगली मिळते.

कॉम्प्युटरवरच्या झूममध्ये "माझ्याकडे ग्रीन स्क्रीन आहे" असा पर्याय आहे. जुन्या लॅपटॉपवर हा फार कामाचा, कारण त्यात कमी ताकद लागते. आमच्या वहिनीनं लग्नानंतर महिनाभरात ऑनलाइन क्लास घ्यायला सुरुवात केली तेव्हा मीच तिला मागे हिरवं कापड लावून दिलं. मोठ्या ऐटीत. क्लास सुरू झाला आणि हातातला हिरवा चुडा गायब. मनगट एकीकडे, कोपर एकीकडे, मधे समुद्रकिनारा. पोरांचा त्या दिवशी काही अभ्यास झाला नाही. दुसऱ्या दिवशी कापड निळं केलं. तर हिरवं कापड लावणार असाल तर आधी स्वतःकडे बघा.

ब्लर मुळात कशासाठी आलं

बॅकग्राउंड बदलण्यापेक्षा धूसर करणं, म्हणजे ब्लर, मला जास्त पटतं. त्यामागची गोष्टही चांगली आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा श्वेता मचनवझला नावाच्या एक इंजिनिअर होत्या, मूळच्या भारतातल्या, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. समोरच्याचे ओठ वाचून त्या संवाद समजून घेतात. व्हिडिओ कॉलवर समोरच्याच्या मागे झगझगीत उजेड असला की ओठ वाचणं कठीण जायचं. त्यातून त्यांना मागचं धूसर करायची कल्पना सुचली आणि २०१८ मध्ये ती सोय टीम्समध्ये आली. म्हणजे सुरुवात घर लपवण्यासाठी नव्हती, चेहरा नीट दिसावा म्हणून होती. मागे फोटो लावायची सोय टीम्सवर एप्रिल २०२० मध्ये आली, आणि मीटवर ब्लर आणि फोटो दोन्ही त्याच वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत. लॉकडाऊनने जगभरातल्या सगळ्यांनाच आपापल्या ओसरीत बसवलं होतं.

ब्लर का बरं? एक तर चूक झाली तरी ती खुपत नाही. कपाटाच्या फोटोत कान गायब झाला तर तो भुताटकीसारखा दिसतो. ब्लरमध्ये तोच कान थोडा धूसर होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं म्हणजे मागचा उजेड आणि रंग तुमच्याच खोलीचे राहतात, त्यामुळे तुम्ही चिकटवल्यासारखे दिसत नाही.

कुणाला माणूस धरायचं?

सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातल्या एका पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यानं ट्विटरवर एक तक्रार मांडली. त्याचा एक कृष्णवर्णीय सहकारी झूमवर व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावायचा तेव्हा त्याचं डोकंच गायब व्हायचं. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाहीच, त्याच्या मागे एक फिकट रंगाचा पृथ्वीचा गोल होता आणि सॉफ्टवेअर त्यालाच चेहरा समजत होतं. हे दाखवायला त्यानं स्क्रीनशॉट टाकले, तर ट्विटरनं आपोआप कापलेल्या छोट्या चित्रात फक्त गोऱ्या चेहऱ्याला जागा दिली. त्यावरून मोठा गदारोळ झाला. ट्विटरला आपली पद्धत तपासावी लागली आणि २०२१ मध्ये ती बदलावीही लागली.

हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. मॉडेल ज्या चेहऱ्यांवर शिकतं, तेच चेहरे ते चांगलं ओळखतं. आता कंपन्या वेगवेगळ्या भागांतल्या, वेगवेगळ्या वर्णाच्या लोकांवर तपासणी करून निकाल जाहीर करतात, फरक पडलाही आहे. तरीसुद्धा सावळा रंग, अंधारी खोली आणि स्वस्त कॅमेरा हे तिन्ही एकत्र आले की कडा कुठली ते सॉफ्टवेअरला कळत नाही. अशा वेळी पोरं स्वतःच्या दिसण्यावर खजील होतात, फेस-ब्राइट फिल्टर शोधत बसतात. तुमचा चेहरा ठीक आहे. उजेड समोरून घ्या.

उजेडाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: दार किंवा खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे उजेड असला की कॅमेरा त्याला सांभाळायला जातो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. मग सॉफ्टवेअरही गोंधळतं. संध्याकाळी ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर समोर पांढरा कागद किंवा स्टीलचं ताट तिरपं ठेवून बघा, उजेड हनुवटीखाली परततो. ताटाची युक्ती माझी स्वतःची, हसू नका.

गळती

आता ते "नीट चालत असेल तर". तुम्ही मान वळवता, हात हलवता, खुर्चीतून उठता, तेव्हा मास्क एक-दोन चित्रं मागे पडतो. तेवढ्या क्षणात कडेनं मागची खरी खोली दिसते. एका चित्रात हाताएवढी पट्टी, दुसऱ्यात दुसरीकडची. माणसाच्या डोळ्याला ते जाणवत नाही. पण कॉल रेकॉर्ड होत असेल तर या पट्ट्या जमवता येतात. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी नेमकं हेच करून दाखवलं: व्हिडिओतली अशी गळती गोळा करून मागच्या खोलीचे भाग पुन्हा उभे केले आणि त्यातल्या काही वस्तूही ओळखल्या.

ऑफिसच्या रोजच्या कॉलवर तुमची खोली कुणी असं जुळवत बसणार नाही, हे खरं. पण मागच्या भिंतीवर आधारची झेरॉक्स, वायफायचा पासवर्ड किंवा बँकेचे कागद चिकटवलेले असतील तर ते बॅकग्राउंडच्या भरवशावर सोडू नका. काढून ठेवा. घरात बहीण, वहिनी, आजी वावरत असतील आणि त्यांना कॅमेऱ्यात यायचं नसेल, तर त्यांच्यासाठीही हे खात्रीचं झाकण नाही. त्यांना आधी सांगा की कॉल चालू आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या घरी तर दारालाच लाल रिबन बांधतात, कॉल असेपर्यंत कुणी आत येत नाही. चार रुपयांची रिबन, कुठलंही मॉडेल नाही.

आणखी एक धोका सुरुवातीच्या क्षणांचा. काही वेळा आधी कॅमेरा सुरू होतो आणि बॅकग्राउंड सेकंदभरानं लागतं. फोन तापला किंवा अ‍ॅप बंद पडून परत उघडलं तर सेटिंग गेलेलंही असू शकतं. म्हणून आत शिरताना कॅमेरा बंद ठेवायचा, आधी स्वतःचा व्हिडिओ बघून घ्यायचा, मगच चालू करायचा. मी आजही असंच करतो.

आवाजाचं तर बोलायलाच नको. पुस्तकांचं कपाट लावून मी "स्प्रिंट प्लॅनिंग" वर बोलत होतो आणि मागून म्हैस. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की लायब्ररीत बसलेला माणूस धबधब्याखाली असल्यासारखा ऐकू येतो. व्हर्च्युअल बॅकग्राउंड फक्त डोळ्यांपुरतं आहे. बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद, आणि साधे वायरचे इअरफोन, हे दोन्ही जास्त उपयोगी.

फोन तापतो, डेटा उडतो?

खूप जण विचारतात की बॅकग्राउंड लावलं तर डेटा जास्त जातो का. जवळपास नाही. डेटा खातो तो व्हिडिओ. झूमच्याच सांगण्यानुसार समोरासमोरच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला जाता-येता प्रत्येकी ६०० केबीपीएसचा वेग लागतो. हिशोब करा: एका बाजूनं तासाला सुमारे २७० एमबी, दोन्ही बाजूंनी ५४० एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर पावणेतीन तासांत संपला. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात, म्हणजे साडेसात ते दहा पट कमी. रेंज डळमळायला लागली की बॅकग्राउंड काढून फायदा नाही, व्हिडिओच बंद करा आणि तसं सांगून टाका. लोक समजून घेतात.

बॅकग्राउंडचा खरा भार पडतो प्रोसेसरवर. सेकंदाला ३० वेळा कात्री चालवायची म्हणजे फोन तापणार आणि बॅटरी उतरणार. फोन जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग व्हिडिओ अडखळतो आणि आवाजही तुटायला लागतो. मे महिन्यात पत्र्याखाली बसून हे करून बघा! म्हणूनच स्वस्त किंवा जुन्या फोनवर हा पर्याय कधी कधी दिसतच नाही. अ‍ॅप बिघडलेलं नसतं, फोनला झेपणार नाही म्हणून ते पर्यायच लपवतं. अशा फोनसाठी "कुठल्याही कॉलवर बॅकग्राउंड" असं म्हणणारी भलतीच अ‍ॅप्स उतरवू नका, त्यांना तुमच्या कॅमेऱ्याची परवानगी द्यावी लागते.

लावायचं कसं, थोडक्यात: मीटमध्ये कॉलला शिरण्याआधी तुमचा स्वतःचा व्हिडिओ दिसतो, त्यावरच इफेक्ट्सचं चिन्ह असतं. झूममध्ये कॉल चालू असताना "मोअर" मध्ये बॅकग्राउंडचा पर्याय, टीम्समध्ये तीन ठिपक्यांत. अ‍ॅप अपडेट झालं की नावं थोडी इकडंतिकडं होतात. स्वतःचा फोटो लावायचा असेल तर आडवा घ्या, १६ बाय ९ च्या मापाचा. उभा फोटो लावला की तो ताणला जातो किंवा कापला जातो. आणि फोटोवरची अक्षरं तुम्हाला उलटी दिसली तर घाबरू नका. स्वतःचा व्हिडिओ आपल्याला आरशासारखा दाखवतात, पलीकडच्याला ती सरळच दिसतात. हे न कळून माझ्या एका मित्रानं कंपनीचा लोगो मुद्दाम उलटा करून लावला होता. आठवडाभर.

नोकरीच्या मुलाखतीला काय करायचं

इथं जरा थांबतो, कारण गावाकडून मुलाखत देणाऱ्या पोरांचे प्रश्न बहुतेक याबद्दलच असतात. माझ्या चुलतभावानं घरूनच एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत दिली. मागे चकाचक ऑफिसचा फोटो. पाचच मिनिटांत समोरच्यानं सांगितलं, बॅकग्राउंड काढा आणि कॅमेरा फिरवून खोली दाखवा. मागे बसून कुणी उत्तरं सांगतंय का, ही शंका. खोलीत धान्याच्या कणगीशिवाय कुणी नव्हतं. पण त्या दोन मिनिटांत पोराचा धीर गेला. ज्याची लाज वाटत होती तेच सगळ्यात आधी, हातात फोन धरून, स्वतः दाखवावं लागलं. उरलेली मुलाखत त्यानं खाली मान घालून दिली. नोकरी मिळाली नाही. बॅकग्राउंडमुळेच असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात तिथंच बिघडली.

मुलाखतीत, आणि कॅमेऱ्याच्या देखरेखीखालच्या परीक्षेत तर नक्कीच, बॅकग्राउंड बदललेलं अनेकदा चालत नाही. सूचना आधी वाचा. चालत असलं तरी खोट्या ऑफिसचा फोटो लावू नका असं माझं मत. तो कुणालाही खरा वाटत नाही. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना वेगवेगळ्या बॅकग्राउंडपुढचे चेहरे दाखवून, कोण जास्त विश्वासू आणि कामाचा वाटतो ते विचारलं. झाडांच्या कुंड्या आणि पुस्तकांचं कपाट वरचढ ठरले. घरातली बसायची खोली आणि गमतीचं चित्र, तिथं बर्फावरचा वॉलरस होता, मागे पडले. म्हणजे पहिल्या नजरेत फरक पडतो, हे मान्य. पण कुंडी तर आपल्याकडे आहेच की! तुळशीची नाही, ती जागची हलवू देणार नाहीत, पण कोरफड, मनी प्लांट, डब्यातला गुलाब, काहीही मागे स्टुलावर ठेवा. मागे साधी भिंत, बाजूला एक कुंडी, समोरून उजेड. कुणी काही काढायला सांगणार नाही.

भिंतच बघण्यासारखी नसेल तर एकरंगी चादर किंवा जाड कापड ताणून बांधा. त्यातही माझी पहिली पसंती गोधडीला. दोरीवर टाकलेली जाड गोधडी मागचं सगळं झाकते, आणि पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो तोही बराचसा शोषून घेते. मऊ, जाड, थरांचं कापड आवाज परत फेकत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओच्या भिंतींना मऊ पॅनेल लावतात, कारण तेच. वर ब्लर लावलं तर पलीकडच्याला नुसता एक मंद रंगीत पट्टा दिसतो. फोनला भार, हो, ब्लरचाही पडतो. फोन जुना असेल तर नुसती गोधडी पुरे.

आता मी महिन्यातून आठ-दहा दिवस गावाहून काम करतो. ओसरीतच बसतो, तोंड दाराकडे, मागे गोधडी. पहिल्यांदा दोरी बांधली तेव्हा मी हाताला येईल ती, ठिगळांची जुनी गोधडी टाकली होती. माय आतून आली, गोधडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ही नको, फाटकी हाय. सायबं बघतील," म्हणाली आणि पेटीतून नवीकोरी काढून आणली. मी म्हणालो, ब्लर लावलंय, काही दिसत नाही. तिनं तरी बदललीच. मग लॅपटॉपपुढं वाकून, कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा नीट येतोय का ते बघितलं.